डाव्या बाहीवरची दोन इंच जर

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीतल्या जुन्या इमारती रीडेव्हलपमेंटला निघाल्या की घरोघरी माळे रिकामे होतात. स्वयंपाकाची मोठी पातेली, देव्हाऱ्याची जुनी चौकट, रद्दी हे सगळं उतरल्यावर भिंतीला टेकलेली लोखंडी ट्रंक खाली येते. तिच्यात आजोबांचा किंवा पणजोबांचा खाकी कोट निघतो. उपनगरांत असे कोट बरेच असणार. कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरकडून पलटणीत गेलेली माणसं निवृत्तीनंतर मुंबईत नोकरीला आली. कुणी कांदिवली-मालाडच्या सीओडी या लष्करी डेपोत लागलं, कुणी भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांत. गिरगाव-दादरहून उपनगरांत आलेल्या डॉक्टरांच्या घरांतही लष्करी कोट आहेत, कारण दोन्ही महायुद्धांत मुंबईचे डॉक्टर मोठ्या संख्येने तात्पुरत्या कमिशनवर फौजेत गेले.

असा कोट हाती आला की बहुतेकांची नजर आधी छातीवरच्या रिबिनींकडे जाते. मी सांगेन, आधी डाव्या बाहीचा मनगटाजवळचा भाग पाहा. तिथे उभी शिवलेली, साधारण पाच सेंटिमीटर लांबीची, काळपट पडलेली जरीची बारीक पट्टी दिसली, तर हा कोट घालणारा माणूस शत्रूच्या माऱ्यात जखमी झाला होता, याची खूण तुमच्यासमोर आहे. तिला फौजेत वुंड स्ट्राइप म्हणत. ती ओळखावी कशी, तिचा पुरावा कसा जुळवावा आणि ती टिकवावी कशी, यासाठी हा लेख. ड्रायक्लीनरला फोन करण्याआधी तो वाचावा.

ब्रिटिश लष्कराने ही पट्टी ६ जुलै १९१६ च्या आदेशाने सुरू केली. सोम नदीवरची लढाई सुरू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. ४ ऑगस्ट १९१४ पासूनच्या सर्व जखमा धरल्या जाणार होत्या. पट्टी सोनेरी, 'रशिया ब्रेड' नावाच्या दोन धारांच्या बारीक गोफाची, दोन इंच लांब, डाव्या बाहीवर उभी. शिपाई असो की अधिकारी, पट्टी तीच. शिवण्याची जागा तेवढी थोडी वेगळी होती: अधिकाऱ्याच्या कोटावर कफच्या पाकळीच्या टोकाच्या लगेच वर, आणि इतरांच्या बाहीवर काठापासून तीन इंच सोडून. जखमी होण्याच्या प्रत्येक प्रसंगाला एक पट्टी, म्हणजे एकाच स्फोटात शरीरात पाच ठिकाणी तुकडे घुसले तरी पट्टी एकच मिळे. पुढच्या पट्ट्या पहिलीच्या बाजूला अर्ध्या इंचावर शिवत. काही जण शिवण्याऐवजी पितळेची तयार पट्टी लावत. ती आतल्या बाजूने पिनेवर किंवा छोट्या पत्र्यावर अडकवलेली असे. बाहीच्या अस्तरात असा पत्रा हाताला लागला तर तो काढू नका.

आता या खुणेची मर्यादा, कारण घरोघरी गैरसमज होतो तो इथेच. अधिकृत मृत-जखमींच्या यादीत 'जखमी' म्हणून ज्याचं नाव आलं, त्यालाच पट्टी मिळे. अपघात धरला जात नसे, आजारही नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठी पलटणींचं मोठं नुकसान झालं. मुंबईहून गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिन्ही ७ डिसेंबर १९१५ पासून कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंतर कैदेत गेल्या. वेढ्यात उपासमार होती. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला होता. त्यातून जो जिवंत परत आला तो आयुष्यभर खंगलेला राहिला असेल, तरी गोळी किंवा तुकडा लागला नसेल तर त्याच्या बाहीवर पट्टी नाही. म्हणून 'पट्टी नाही, म्हणजे आजोबांना काही झालं नव्हतं' असा निष्कर्ष कृपा करून काढू नका.

याहून कठीण गोष्ट मनाच्या जखमेची. तोफगोळ्यांच्या माऱ्याने थरकापलेल्या, वाचा गेलेल्या, झोप उडालेल्या माणसांच्या कागदावर डॉक्टर 'शेल शॉक' लिहीत आणि पुढे एक अक्षर. ते अक्षर जखमेचं असेल तर माणूस जखमी धरला जाई आणि त्याला पट्टीचा हक्क मिळे. आजाराचं असेल तर काहीच नाही. स्फोट जवळ झाला होता की नाही, यावर हे ठरे. तुमच्या घरातल्या कागदांत असा शेरा सापडला तर तो लपवू नका. 'आजोबा थोडे विचित्र होते' असं वर्षानुवर्षं बोललं गेलं असेल, तर त्या माणसाला न्याय देणारा हा कागद आहे.

बाही तपासायची कशी, ते सांगतो. कोट झटकू नका. पलंगावर स्वच्छ पांढरी चादर अंथरून तो आडवा ठेवा, दागिने उतरवून, हात धुऊन कोरडे करून बसा. खोलीतला दिवा मालवून मोबाइलची बॅटरी बाहीच्या पातळीत, अगदी आडवी धरा. आडव्या उजेडात कापडावरचा प्रत्येक खळगा सावली टाकतो. पट्टी गळून पडली असली तरी दोन उभ्या रांगांत सुईची भोकं दिसतात, कधी तुटलेल्या पिवळ्या दोऱ्याचं टोक दिसतं, आणि आजूबाजूचा खाकी उडालेला असताना मधली दोन इंच जागा गडद राहिलेली असते. पट्टी सापडो न सापडो, फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. काठापासूनचं अंतर, लांबी, पट्ट्यांमधली जागा हे सगळं त्यात आलं पाहिजे. मग बाही उलटी न करता आतून अस्तर चाचपा.

बाहीवर इतरही खुणा असतात आणि त्यांची गल्लत होते. उजव्या मनगटावर, टोक वर असलेले लहान बाण दिसले तर ते परदेशी सेवेचे. १९१८ च्या सुरुवातीला ते सुरू झाले. लाल बाण १९१४ साल संपण्यापूर्वी परदेशी रणभूमीवर गेलेल्यांसाठी, निळे नंतरच्या प्रत्येक वर्षासाठी. ११० आणि ११७ मराठा पलटणी नोव्हेंबर १९१४ मध्येच इराकच्या किनाऱ्याला लागल्या होत्या, त्यामुळे मराठी घरातल्या कोटावर लाल बाण दिसला तर तो मोठा धागा आहे. डाव्या मनगटावर तसेच बाण असतील तर ते बहुधा चांगल्या वर्तनाचे, आणि ते अधिकाऱ्याच्या कोटावर नसतात. छातीवरच्या रिबिनीवर ओकच्या पानाची लहान ब्राँझची आकृती असते. तिला काही घरांत जखमेची खूण समजतात. ती युद्धाच्या अहवालात नावाचा उल्लेख झाल्याबद्दलची आहे.

ही जखमेची पट्टी १९२२ मध्ये बंद झाली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये पुन्हा आली. तेव्हा एक सुरेख तरतूद केली गेली: आधीच्या युद्धात जखमी झालेल्यांसाठी एक लाल पट्टी, नव्या जखमांसाठी सोनेरी. एकाच बाहीवर लाल आणि सोनेरी शेजारी दिसल्या, तर तो माणूस दोन्ही युद्धांत होता. त्याच वेळी उजव्या मनगटावर युद्धसेवेचे लाल बाण आले. त्यामुळे लाल रंग दिसला की आधी बाही कोणती आणि आकार कोणता हे पाहायचं. उभी सरळ रेघ डावीकडे असेल तर जखम. उजवीकडे टोकदार बाण असतील तर सेवेची वर्षं.

बाहेरच्या देशांतल्या कोटांवर हे नियम लावू नका. अमेरिकी आणि फ्रेंच फौजेत जखमेचे बाण उजव्या बाहीवर असत. जर्मनांनी मार्च १९१८ मध्ये काळा, रुपेरी आणि सोनेरी असा तीन पायऱ्यांचा बिल्लाच काढला. अमेरिकेत १९३२ मध्ये बाणाची जागा 'पर्पल हार्ट' पदकाने घेतली.

कोट कोणत्या काळातला, हे बटणं सांगतात. मुकुट असेल तर १९५० पूर्वीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. बटणं नंतर बदललीही जात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. आतल्या खिशात शिंप्याचं लेबल शोधा. अधिकारी आपले कोट पदरच्या पैशाने शिवून घेत, त्यामुळे चांगल्या दुकानाच्या लेबलवर शाईने नाव आणि तारीख लिहिलेली असते. काळा घोड्याला आज जी आर्मी ॲण्ड नेव्ही बिल्डिंग म्हणून ओळखली जाते, तिथे अशा साहेबी कपड्यांसह सगळ्या वस्तूंचं दुकान होतं. लेबलवरची तारीख आणि जखमेची तारीख जुळलीच पाहिजे असं नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये इराकमधल्या टेसिफोनच्या लढाईत जखमी झालेला आणि मग कूतमध्ये पकडला गेलेला माणूस पट्टी शिवणार तो सुटून आल्यावर, १९१८ नंतर, कदाचित नव्या कोटावर.

'अधिकारी' म्हणजे कोण, हेही नीट समजून घ्या. पहिल्या महायुद्धात मराठी घरातला अधिकारी म्हणजे बहुधा जमादार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर, म्हणजे व्हाइसरॉयचं कमिशन असलेला. नाहीतर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला लेफ्टनंट किंवा कॅप्टन डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललं. कॉलेजातून थेट इमर्जन्सी कमिशन घेऊन शेकडो तरुण गेले, आणि १९४३ मध्ये वैद्यकीय सेवा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली. खांद्यावरच्या पट्टीवर पलटणीचं नाव असेल तर ते कितव्या बटालियनचं, हे नंतरच्या शोधात फार उपयोगी पडतं. १९२२ च्या पुनर्रचनेत जुने आकडे गेले. १०३ ची ५ मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, जी प्रशिक्षणाची होती.

पुरावा जुळवायला पदकांच्या कडेकडे वळा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटनमध्ये बिननावाची दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव घातलेलं असतं. हे आपल्याकडच्या कुटुंबांचं मोठं भाग्य. कडेवरचं नाव आजच्या स्पेलिंगशी जुळणार नाही, आडनाव नसून वडिलांचं नावही असेल. क्रमांक मात्र कागदाशी ताडून पाहता येतो. पदक चकचकीत करायला ब्रासो लावाल तर हीच अक्षरं दर वेळी थोडी थोडी झिजतात.

मग कागद. डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेटमध्ये जखमांची नोंद असते. पेन्शनच्या कागदांत अपंगत्वाचा भाग वेगळा दाखवलेला असेल तर त्याचं कारणही लिहिलेलं असतं. घरात काहीच नसेल तर मुंबई उपनगर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. ते योग्य अभिलेख कार्यालयाकडे अर्ज कसा करायचा हे सांगू शकतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, आणि तुमचं नातं सिद्ध करणारी कागदपत्रं हवीत. फाळणीत काही रेजिमेंटा पाकिस्तानकडे गेल्या, तेव्हा सगळं बेळगावात मिळेल असं धरून चालू नका. पहिल्या महायुद्धातल्या डॉक्टर अधिकाऱ्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर महत्त्वाचं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं.

पलटणींच्या युद्ध-डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्या वाचताना मला दर वेळी एक गोष्ट टोचते. अधिकारी जखमी झाला की त्याचं नाव लिहिलेलं असतं. शिपाई जखमी झाले की बहुधा फक्त आकडा. म्हणून तुमचे पणजोबा सुभेदार असतील तर डायरीत त्यांचं नाव शोधायला अर्थ आहे. शिपाई असतील तर ते त्या दिवशीच्या आकड्यात आहेत, आणि त्यांची बाही हाच नावानिशी उरलेला दाखला असू शकतो. आणखी एक चूक टाळा: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव नाही म्हणून निराश होऊ नका. ती यादी मृतांची आहे. जखमी होऊन घरी परतलेला आणि पुढे जगलेला माणूस तिथे असणारच नाही.

उलट, काही जखमींची पट्टी कधी शिवलीच गेली नाही. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकून रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाले आणि २३ व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन विमान चालवत. २७ जून १९१८ ला त्यांचं विमान फ्रान्समध्ये पाडलं गेलं, आणि जर्मनांच्या ताब्यात असताना तीन दिवसांनी जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. अशा माणसाच्या घरी जो कोट राहिला असेल त्यावर जखमेची खूण शोधणं व्यर्थ आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कोटांबद्दल थोडक्यात. आज भारतीय सैन्यात शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांना पराक्रम पदक मिळतं. आधी त्याला वुंड मेडलच म्हणत. ते छातीवर रिबिनीसह असतं, म्हणून अलीकडच्या गणवेशात ही खूण बाहीवर नव्हे, रिबिनींच्या ओळीत शोधा. शौर्यपदक आणि जखमेची खूण यांची सरमिसळ मात्र करू नका. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे ८ एप्रिल १९४८ ला नौशेरा-राजौरी रस्त्यावर तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी झाले आणि तरीही ११ तारखेपर्यंत सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देत राहिले. त्यांचं परमवीर चक्र त्या कामासाठी आहे. त्यात जखम हा एक प्रसंग आहे. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये जखमी असूनही मागे जायला तयार झाले नाहीत. त्यांच्या परमवीर चक्राचंही तसंच.

आता जपणुकीकडे येतो. मुंबईच्या दमट हवेत जरीला आणि लोकरीला दोन वेगळे शत्रू आहेत. जरीच्या धाग्यात वरचा मुलामा अगदी पातळ आणि खाली चांदी किंवा तांबं असतं. तो काळा पडतो, हे त्याचं नैसर्गिक म्हातारपण. लिंबू, चिंच, खायचा सोडा, पितांबरी यांतलं काहीही लावलं की मुलामा निघून जातो आणि शिवायचा दोराही कुजतो. काळी पट्टी काळीच राहू द्या. लोकरी कोटाला कसर लागते, बुरशी चढते. ड्रायक्लीनिंगमध्ये गरम वाफेची इस्त्री आणि द्रावण दोन्ही घातक, शिवाय दुकानात सुटी झालेली पट्टी 'कचरा' म्हणून फेकली जाण्याची भीती. धूळ काढायची तर मऊ ब्रशने, आणि पट्टीवरून ब्रश अजिबात फिरवू नये.

कोट हँगरला टांगू नका. खांद्यांवर भार येऊन जुनं कापड फाटतं. मांजरपाट दोनदा साबणाविना गरम पाण्यात धुऊन घ्या, खळ पूर्ण जाऊ द्या, आणि त्याच्या सैल गुंडाळ्या बाह्यांत, घड्यांच्या आत घाला, म्हणजे घडीवर चीर पडणार नाही. वरूनही मांजरपाटच गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं की पावसाळ्यात आत पाणी सुटतं. डांबरगोळ्या बटणांना आणि जरीला लागता कामा नयेत. वेखंड किंवा सुकलेला कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवणं बरं, कापडाला न टेकता. नव्या फ्लॅटमध्ये जागा निवडताना बाथरूमची भिंत आणि पश्चिमेची पावसाची भिंत टाळा, आणि सगळ्यात वरचा तापणारा कप्पाही. कोरड्या दिवशी, दिवाळीनंतर आणि पावसाळ्याआधी, सावलीत उघडून पाहा. उन्हात घालू नका. बुरशी दिसली किंवा कापड हातात सुटायला लागलं तर स्वतः हात लावू नका. फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करा.

बोहारणीला किंवा भंगारवाल्याला जाणारे असे कोट शेवटी चोर बाजारात मटण स्ट्रीटला पोहोचतात. तिथे सुट्या जुन्या पट्ट्या, नव्या नकला, दुसऱ्याच्या कोटावर शिवलेल्या खुणा, सगळं मिळतं. घरच्या कोटाची पट्टी गळाली असेल तर तिथून आणून दुसरी शिवू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी पुढच्या पिढीला खरं काय ते कळणार नाही. भोकं आहेत, तीच राहू द्या. कोट परदेशातल्या भावंडांकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाचे कोट ती वयोमर्यादा ओलांडून गेले आहेत. आणि मुलाच्या स्नेहसंमेलनासाठी पदकं लावून तो कोट घालायला देऊ नका. लहान अंगाला अडकवायला पिना टोचल्या जातात, आणि त्या बहुधा डाव्या बाहीवरच.

हे काम या पावसाळ्याआधी, सगळे एकत्र असताना एका रविवारी करा. घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला किंवा काकांना कोटाशेजारी बसवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. 'ते युद्धात गेले होते का' असं विचारू नका. कोणता हात दुखायचा, पाऊस आला की काय म्हणायचे, हॉस्पिटल कोणत्या गावचं सांगायचे, कुणाच्या पत्राची वाट बघायचे, असं विचारा. बसरा, मुंबई, पुणे अशी हॉस्पिटलची गावं आठवली तर तारखा जुळवायला तेवढं पुरतं. मग सुती नाडीचा एक तुकडा घ्या. त्यावर मऊ पेन्सिलीने कोट घालणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, सेवा क्रमांक, पलटण आणि आजची तारीख लिहा. जे घरात ऐकलं आहे त्यापुढे 'ऐकीव' लिहा, कागदावर पाहिलेल्यापुढे 'कागद'. नाडी कॉलरच्या आतल्या बाजूला, जुन्या टाक्यांना हात न लावता, दोन सैल टाक्यांनी अडकवा. कागदांच्या झेरॉक्स वेगळ्या पाकिटात घालून त्याच ट्रंकेत ठेवा, आणि फोटोंची एक प्रत दुसऱ्या घरी राहणाऱ्या भावंडाला पाठवा.